मूलपेशी-प्रत्यारोपण आणि मज्जासंस्थेचे स्वयंप्रतिकारजन्य व्याधी : वैद्य व औषधालयचालक यांच्यासाठी काही विवेचन

गेल्या पावसाळ्यात एक शिक्षक आपल्या सत्तावीस वर्षांच्या कन्येची जाडजूड संचिका घेऊन आमच्या चिकित्सालयात आले. मुलीस मल्टिपल स्क्लेरोसिस हा व्याधी होऊन पाच वर्षे झाली होती. दोन निरनिराळी औषधे घेऊनही वर्षभरात तिला दोन वेळा रोगाचा उद्रेक झाला होता. एकदा उजव्या डोळ्याची दृष्टी गेली व अंशतः परत आली. दुसऱ्या वेळी पायांतील बळ गेले. संचिकेत दोन कागद वेगळे काढून ठेवलेले होते. एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्तविकार विभागाने महिनाभर रुग्णालयात ठेवून मूलपेशी-प्रत्यारोपण करण्याविषयी लिहिले होते, आणि त्यात मृत्यूचा संभवही स्पष्ट शब्दांत नोंदविला होता. दुसरा कागद एका खासगी केंद्राचा होता. पाठीच्या कण्यात मूलपेशींची तीन इंजेक्शने, प्रत्येक वेळी सायंकाळी घरी, धोका काहीच नाही, असे त्यात म्हटले होते. दोन्हीकडील खर्च काही लाखांच्या घरात होता.

त्या गृहस्थांनी विचारले, "वैद्यराज, वस्तू दोन्हीकडे एकच आहे. मग एक जण महिनाभर कोंडून ठेवतो आणि दुसरा संध्याकाळी घरी पाठवतो, हे कसे?" आणि लगेच पुढे म्हणाले, "मज्जेचा रोग आहे, मज्जाच देणार आहेत. मज्जेने मज्जा भरून येते हे तर आपल्या आयुर्वेदातही आहेच ना?"

या दुसऱ्या वाक्याने आम्ही काहीसे वरमलो. कारण काही वर्षांपूर्वी एका अभ्यासवर्गात आम्ही स्वतः जवळजवळ हेच बोललो होतो, आणि उपस्थितांपैकी कोणीही त्यास हरकत घेतली नव्हती. ते विधान चुकीचे होते. ते का चुकीचे होते आणि त्या चुकीपायी रुग्ण कोणत्या कागदाकडे वळू शकतो, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

'मज्जा' या शब्दाचा घोटाळा

संहितांतील मज्जाधातू अस्थींच्या आत राहणारा आहे. आधुनिक मराठी वैद्यकीय परिभाषा तयार होताना मात्र हाच शब्द मेंदू आणि नाड्यांच्या संस्थेलाही लावला गेला. त्यामुळे आपण मज्जासंस्था, मज्जातंतू, मज्जारज्जू असे म्हणतो, आणि हाडांतील रक्तजनक पदार्थाला अस्थिमज्जा म्हणतो. इंग्रजीत या दोन अवयवांच्या नावांचा एकमेकांशी काडीमात्र संबंध नाही. मराठी वाचकास मात्र 'मज्जातंतूंच्या रोगावर अस्थिमज्जेतील पेशी' हे शब्द ऐकताच सामान्य-विशेष सिद्धांत आठवतो, आणि समानाने समानाची वृद्धी होणारच, असे वाटून तो निश्चिंत होतो. आमचेही तसेच झाले होते.

अस्थिमज्जेतील ज्या मूलपेशींचे येथे प्रत्यारोपण होते त्या रक्तनिर्मितीक्षम आहेत. त्यांपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तयार होतात. नाडीचा तंतू किंवा त्यावरील आवरण त्यांच्यापासून तयार होत नाही, आणि तसे व्हावे अशी अपेक्षाही या चिकित्सेत नसते. मग त्या कशासाठी दिल्या जातात?

व्याधीचे स्वरूप

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराचे रक्षण करणाऱ्या लिम्फोसाइट पेशी मेंदू, दृष्टिनाडी व मज्जारज्जू यांतील तंतूंवरील मायलिन नामक आवरणास परके समजून त्यावर आघात करतात. आवरण गेले की संदेशाचे वहन मंदावते किंवा थांबते. प्रारंभीच्या काळात उद्रेक येतो आणि ओसरतो. आवरण काही अंशी पुन्हा तयार होते. मात्र वारंवार आघात झाल्यावर आतील तंतूच झिजतो. पुढच्या अवस्थेत उद्रेक नसतानाही दौर्बल्य वाढत जाते. पहिल्या अवस्थेत दाह प्रधान असतो आणि दुसऱ्या अवस्थेत क्षय प्रधान असतो, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. सगळ्या विषयाची किल्ली तेथे आहे.

हा व्याधी युरोपाच्या उत्तर भागात अधिक आढळतो. आपल्याकडे तो दुर्मीळच, असे आपण महाविद्यालयात शिकलो. एम.आर.आय. यंत्रे सर्वत्र झाल्यापासून ती समजूत मागे पडली आहे. मुंबईतील पारशी समाजात त्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असल्याचे तर १९९० सालीच प्रसिद्ध झाले होते. ज्या वैद्याकडे वातव्याधीचे रुग्ण अधिक येतात, त्याच्याकडे यांतील एखादा रुग्ण पक्षाघात, गृध्रसी किंवा कंपवात अशा नावाखाली येऊन गेलेला असणे अगदी शक्य आहे.

प्रत्यारोपणात प्रत्यक्षात काय होते

प्रथम रुग्णाच्याच मूलपेशी काढून घ्यावयाच्या असतात. एरवी त्या अस्थिमज्जेत असतात आणि रक्तात फारच थोड्या फिरतात. त्यांना रक्तात आणण्यासाठी फिल्ग्रास्टिम हे पांढऱ्या पेशी वाढविणारे औषध काही दिवस टोचले जाते. येथे एक गोष्ट वैद्यांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णास हे औषध एकटेच दिल्यास रोगाचा उद्रेक होऊ शकतो, असा अनुभव सुरुवातीच्या काळात आला. म्हणून त्यासोबत सायक्लोफॉस्फामाइड किंवा स्टिरॉइड देण्याची पद्धत पडली. केवळ पांढऱ्या पेशी वाढविल्याने रोग उसळू शकतो, हे 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशा घोषणेच्या काळात आपण विसरता कामा नये. या मुद्द्याकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

नंतर यंत्राद्वारे रक्त फिरवून त्यातून मूलपेशी वेगळ्या केल्या जातात. शरीराच्या दर किलो वजनामागे निदान वीस लाख तरी पेशी मिळाव्या लागतात. त्या द्रवरूप नायट्रोजनच्या शीतात गोठवून ठेवतात. येथपर्यंत रोगावर म्हणण्यासारखी चिकित्सा झालेलीच नसते.

मुख्य चिकित्सा त्यानंतर येते. रुग्णास दाखल करून तीव्र मात्रेत रसायनोपचार म्हणजे केमोथेरपी दिली जाते. एका पद्धतीत सायक्लोफॉस्फामाइड आणि लिम्फोसाइट पेशींचा नाश करणारे प्रतिपिंड-सीरम देतात. दुसऱ्या पद्धतीत कारमुस्टीन, एटोपोसाइड, सायटाराबिन व मेल्फालन ही चार औषधे आणि तेच सीरम देतात. हेतू एकच असतो : चुकीचा धडा शिकलेल्या लिम्फोसाइट पेशींचा जितका होईल तितका निःपात करणे. यात रोगट पेशींसोबत चांगल्याही जातात. तोंड येते, अतिसार होतो, केस जातात, रक्त घटते. असा रुग्ण तसाच सोडला तर अस्थिमज्जा सावरण्यास फार विलंब लागेल आणि दरम्यान एखादा साधा जंतूही प्राण घेईल.

म्हणून आधी गोठविलेल्या मूलपेशी आता शिरेवाटे परत देतात. त्या रक्तातून आपापल्या ठिकाणी, म्हणजे अस्थींत, जाऊन बसतात आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत नव्या पांढऱ्या पेशी दिसू लागतात. पुढे कित्येक महिने कंठाखालील थायमस ग्रंथीत नवे, कोरे लिम्फोसाइट तयार होत राहतात आणि जुन्या, मायलिनवर उठलेल्या समूहांची जागा घेतात.

वैद्यांना समजेल अशा भाषेत सांगावयाचे तर येथे चिकित्सा म्हणजे शोधन आहे, आणि मूलपेशी या संसर्जनक्रमाच्या ठिकाणी आहेत. पेया-विलेपीने वमन-विरेचनाचे कार्य होत नसते. परंतु तीव्र शोधनानंतर त्यांच्यावाचून रुग्ण सावरत नाही. ही उपमा एवढ्यापुरतीच घ्यावी. आपल्या कोणत्याही शोधनकर्माने लिम्फोसाइट पेशींचा असा निःपात होत नाही, आणि पंचकर्म हे 'नैसर्गिक प्रत्यारोपण' आहे असे जर कोणी माहितीपत्रकात छापू लागला, तर त्यास आमच्या या लेखाचा आधार घेता येणार नाही.

आता त्या शिक्षकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. महिनाभर कोंडून ठेवणे हे मूलपेशींसाठी नसते. त्याआधी दिलेल्या औषधांसाठी असते. जेथे ती औषधेच नाहीत, तेथे ही चिकित्साच नाही.

आजवरचा अनुभव

रक्ताच्या कर्करोगासाठी प्रत्यारोपण झालेल्या काही रुग्णांचे आधीपासूनचे स्वयंप्रतिकारजन्य रोगही शमले, हे वैद्यकाच्या लक्षात आले होते. प्राण्यांवरील प्रयोगांनीही त्याच दिशेला बोट दाखविले. ग्रीसमधील थेसालोनिकी येथे अथानासिओस फास्सास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर ही पद्धत योजली. पहिल्या पंधरा रुग्णांचा वृत्तांत १९९७ साली प्रसिद्ध झाला. ते बहुतेक क्षयावस्थेतील, दीर्घकाळ आजारी असलेले रुग्ण होते. हाती काही उरले नाही अशांनाच आधी घ्यावे, हा त्या काळचा विचार मानवी दृष्टीने समजण्यासारखा होता. पण लाभ ज्यांना सर्वांत कमी होणार, अशांवरच चिकित्सा अजमावली गेली.

१९९५ ते २००६ या काळात तेरा देशांतील पंचवीस केंद्रांत झालेल्या २८१ रुग्णांच्या प्रत्यारोपणांचा दीर्घकालीन आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी ४६ टक्के रुग्णांत दौर्बल्य पुढे सरकलेले नव्हते. मात्र पहिल्या शंभर दिवसांत आठ रुग्ण दगावले होते. वय कमी, आधी घेतलेली औषधे कमी आणि रोग उद्रेकयुक्त अवस्थेत असेल तेथे फळ चांगले, हे त्यातून स्पष्ट झाले.

कॅनडातील ओटावा येथे चोवीस रुग्णांवर फारच तीव्र पद्धत वापरण्यात आली. त्याचा वृत्तांत २०१६ साली आला. जे तेवीस जण वाचले त्यांच्यापैकी कोणासही पुढील वर्षांत उद्रेक झाला नाही, आणि एम.आर.आय.मध्ये दाहाचे नवे ठिकाणही दिसले नाही. चोविसावा रुग्ण यकृत निकामी होऊन आणि जंतुसंसर्ग होऊन मृत्यू पावला. ही दोन्ही वाक्ये रुग्णापुढे एकत्रच मांडली पाहिजेत.

शिकागो येथील रिचर्ड बर्ट यांच्या चमूने सौम्यतर पद्धत वापरून ११० रुग्णांची तुलनात्मक चाचणी केली. चिठ्ठी टाकावी तशा यादृच्छिक पद्धतीने निम्म्यांना प्रत्यारोपण व निम्म्यांना औषधे देण्यात आली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात प्रत्यारोपणाच्या गटात तिघांचा आणि औषधांच्या गटात चौतीस जणांचा रोग पुढे गेला; मृत्यू एकही नाही. हे अंक डोळे दिपविणारे आहेत. परंतु त्या चाचणीतील औषधांच्या गटास अलेमटुझुमॅब आणि ऑक्रेलिझुमॅब ही प्रबळ औषधे मिळालेली नव्हती, ही त्यातील उणीव सांगितली पाहिजे. म्हणूनच प्रबळ औषधांशी सरळ तुलना करणाऱ्या चाचण्या पुढे अमेरिका, ब्रिटन, नॉर्वे व इटली येथे हाती घेण्यात आल्या.

अनुभवी केंद्रांत आज या प्रत्यारोपणातील मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याहून खाली आले आहे. रुग्णांची निवड आणि सौम्यतर औषधे ही त्याची कारणे. मात्र 'अनुभवी' हा शब्द येथे वजनदार आहे.

इतर व्याधींविषयी थोडक्यातच लिहितो, कारण रुग्णसंख्या थोडी आहे. मायस्थेनिया ग्रेव्हिसच्या अत्यंत हट्टी अशा सात रुग्णांवर ओटावा येथे प्रत्यारोपण झाले, आणि २०१६ च्या वृत्तांतानुसार सातही जणांचा रोग शांत राहिला. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका आणि दीर्घकालीन दाहजन्य नाडीविकारातही प्रयोग झाले आहेत. पण या रोगांवर प्रभावी औषधे उपलब्ध असल्यामुळे प्रत्यारोपणाचा विचार त्यांच्या नंतरच होतो.

योग्य रुग्ण कोण? साधारणतः पंचेचाळिशीच्या आतील, रोग होऊन फार वर्षे न झालेला, चालता-फिरता, उद्रेक चालू असलेला, एम.आर.आय.मध्ये ताजा दाह दिसणारा आणि चांगल्या औषधांना न जुमानणारा. दहा वर्षे चाकाच्या खुर्चीत असलेल्या, उद्रेक थांबून गेलेल्या रुग्णात शमविण्यासाठी दाहच उरलेला नसतो. आपल्याकडे रुग्ण येतो तो बहुधा या शेवटच्या टप्प्यात, आणि मोठी आशा घेऊन. तेथे 'आता उपयोग नाही' हे सांगणे जड जाते. पण ज्याची वेळ अजून गेलेली नाही, अशा रुग्णास 'आधी दोन वर्षे आमचे औषध घेऊन पाहा' असे सांगणे त्याहून घातक आहे. तीच दोन वर्षे त्याची खिडकी असू शकते.

त्याच नावाने विकले जाणारे दुसरे काही

दुसऱ्या कागदावरील इंजेक्शने बहुधा चरबीतून, नाळेतून किंवा अस्थिमज्जेतून घेतलेल्या मेसेन्कायमल पेशींची असतात. केमोथेरपी त्यात नसते. त्या पेशी दाह कमी करतील आणि आवरणाच्या दुरुस्तीस मदत करतील, अशी कल्पना होती आणि ती मुळीच हास्यास्पद नव्हती. म्हणून नऊ देशांत १४४ रुग्णांवर तिची रीतसर परीक्षा झाली. २०२१ साली निष्कर्ष आला : या पेशी शिरेवाटे देऊनही एम.आर.आय.मधील दाहाच्या ठिकाणांवर परिणाम दिसला नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्य सूचीतील स्थितींसाठी होणारे रक्तनिर्मितीक्षम पेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा इतर सर्व वापर संशोधन या सदरात मोडतो, आणि तो केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करावयाचा असतो. २००७ च्या तत्त्वांच्या शीर्षकात 'संशोधन व चिकित्सा' असे दोन शब्द होते. २०१३ साली त्यातील 'चिकित्सा' हा शब्द हेतुपुरस्सर गाळण्यात आला. वैद्यास रुग्णाचा कागद तपासण्याची सोपी कसोटी यातून मिळते. संशोधन असेल तर रुग्णाकडून त्याचे शुल्क घेतले जात नाही. शुल्क घेतले जात असेल आणि केमोथेरपीचा उल्लेख नसेल, तर तो कागद बाजूला ठेवावा. अशी केंद्रे वैद्यांना रुग्ण पाठविण्याबद्दल 'मानधन' देऊ करतात, असे आमच्या कानी आले आहे. त्यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता वाटत नाही.

आपल्या हातून काय होऊ नये

प्रत्यारोपणास निघालेला किंवा त्यातून परतलेला रुग्ण आपल्याकडे येतोच. 'ताकद येण्यासाठी काहीतरी द्या' अशी त्याच्या घरच्यांची मागणी असते. या ठिकाणी आपले नेहमीचे, निर्दोष मानलेले उपाय घातक ठरू शकतात, आणि आमच्या मते या लेखातील सर्वांत उपयोगाचा भाग हाच आहे.

पहिली गोष्ट बस्तीची. वातव्याधी म्हटला की बस्ती, हे आपल्या हाडीमांसी खिळलेले आहे. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे दीड-दोन हजारांपासून सात हजारांपर्यंत न्यूट्रोफिल पेशी असतात. केमोथेरपीनंतर त्या पाचशेच्या खाली, कित्येकदा शंभराच्याही खाली जातात, आणि प्लेटलेट वीस हजारांखाली येतात. अशा वेळी गुदमार्गास झालेली सुईच्या टोकाएवढी इजाही आतड्यातील जंतूंना रक्तात वाट करून देते. त्या रुग्णालयांत गुदमार्गे तापमापकसुद्धा लावीत नाहीत, मग बस्तीची गोष्टच सोडा. रक्तमोक्षण, नस्य, दंतधावनासाठी काष्ठाचा उपयोग, छातीतील शिरानळीच्या जवळ तैलाभ्यंग हे सर्व रक्तपेशी सावरून तज्ज्ञाने लेखी अनुमती देईपर्यंत वर्ज्य.

दुसरी गोष्ट चूर्णांची, आणि ही औषधालयचालकांनी विशेष वाचावी. आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या मर्यादेनुसार चूर्णात प्रति ग्रॅम एक लाखापर्यंत जिवाणू आणि एक हजारापर्यंत बुरशीचे घटक चालतात. म्हणजे पूर्णपणे नियमात बसणाऱ्या, उत्तम प्रतीच्या चूर्णाच्या तीन ग्रॅमच्या मात्रेतही तीन हजारांपर्यंत बुरशीचे घटक असू शकतात. आपल्या जठरास त्याचे काहीच नाही. परंतु न्यूट्रोफिल नसलेल्या रुग्णास ॲस्परजिलससारखी बुरशी फुफ्फुसात प्राणघातक ठरते. येथे दोष चूर्णाचा नाही. ती मर्यादा अशा रुग्णासाठी ठरविलेलीच नाही. ताजे स्वरस, घरची कांजी, न उकळलेला मध यांनाही हेच लागू.

तिसरी गोष्ट पिप्पलीची. पिप्पली व मरिच यांतील पायपरिन यकृतातील औषधपचन करणाऱ्या विकरांना मंद करते, त्यामुळे कित्येक औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते. क्षयावरील रिफाम्पिसिनची मात्रा कमी करण्यासाठी याच गुणाचा उपयोग जम्मूच्या संशोधन संस्थेने केला, आणि ते संयुक्त औषध बाजारात आले. योगवाहित्वाचा हा पुरावा आपण अभिमानाने सांगतो. तोच गुण केमोथेरपीच्या औषधांना लागला तर मात्रा अनवधानाने बदलते, आणि ती कोणत्या दिशेने बदलेल हे औषधागणिक वेगळे असते. त्रिकटू किती कल्पांत आहे, हे वाचकांस सांगणे नको.

चौथी गोष्ट गुळवेलीची. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतदाहाची नोंद प्रसिद्ध केली; पुढील वर्षी अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा वृत्तांत आला. त्या दाहाचे स्वरूप स्वयंप्रतिकारजन्य असल्यासारखे होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन टिनोस्पोरा क्रिस्पा या तत्सदृश वेलीच्या भेसळीकडे लक्ष वेधले. हा वाद कोणाच्याही बाजूने मिटो. ज्याची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच नाड्यांवर उठली आहे, त्यास प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या हेतूने गुळवेल, अश्वगंधा किंवा तत्सम रसायन देण्यास तात्त्विक आधारच नाही. फिल्ग्रास्टिमचा वर सांगितलेला अनुभव येथे आठवावा. भस्मे व रसकल्प यांविषयी तर बोलावयासच नको; त्या काळात यकृत आणि वृक्क आधीच भाराखाली असतात.

पाचवी गोष्ट स्वेदनाची. ती प्रत्यारोपणाशी नव्हे, व्याधीशीच निगडित आहे. उष्णतेने मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाची दृष्टी किंवा बळ तात्पुरते घटते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० साली नोंदविले होते. बाष्पपेटीतून बाहेर आलेला रुग्ण उभा राहू शकला नाही, असा प्रसंग आम्ही पाहिला आहे. तासाभराने तो सावरला. पण त्या तासात आमचा जीव टांगणीला लागला होता.

चालू असलेली औषधे बंद करावयास सांगणे ही चूक तर कधीच होऊ नये. फिंगोलिमॉड किंवा नॅटालिझुमॅब अचानक थांबविल्यास रोग पूर्वीपेक्षाही जोराने उसळू शकतो.

मग वैद्यास काही कार्य उरते की नाही? उरते. प्रत्यारोपणापूर्वी तरुण रुग्णास वंध्यत्वाच्या संभवाविषयी कोणी सांगितले आहे काय आणि शुक्र अथवा बीज जतन करण्याची व्यवस्था झाली आहे काय, हे विचारणे; स्त्रियांत अकाली रजोनिवृत्ती येऊ शकते याची कल्पना देणे; लहानपणच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात आणि जिवंत जंतूंच्या लसी निदान दोन वर्षे वर्ज्य असतात, याची आठवण देणे. रक्त सावरल्यावर, तज्ज्ञाच्या अनुमतीने, मलावष्टंभ, निद्रानाश, अरुची, अंगाची ताठरता यांसाठी आहार, अभ्यंग आणि साधे उपाय हे आपले क्षेत्र आहे. त्यात रोग बरा करण्याचा दावा करावयाचा नसतो. पक्षाघात व मेंदूचे विकार १९५४ च्या जादूटोणा औषधे व आक्षेपार्ह जाहिराती कायद्याच्या अनुसूचीत आहेत, हे दुकानाच्या दर्शनी भागात फलक लावणाऱ्यांनी विसरू नये.

त्या शिक्षकांच्या कन्येसाठी आम्ही एकही औषध लिहिले नाही. दुसऱ्या कागदाविषयीचे आमचे मत त्यांना सांगितले. त्यानंतर पहिल्या कागदावरील रक्तविकार विभागास दूरध्वनी केला. तेथील तरुण डॉक्टरांनी प्रथमच विचारले, "ती आधीपासून आयुर्वेदिक काय घेते आहे, कोणी सांगेल का?" आम्ही मुलीस विचारले तेव्हा एका परिचितांच्या दुकानातून ती सात महिने चार वस्तू घेत असल्याचे कळले. त्यांपैकी दोहोंत त्रिकटू होते, एकात गुळवेल. दुकानदारांनी पावती दिलेली नव्हती. कोणत्या उत्पादकाचे, कोणत्या गटक्रमांकाचे, हे त्यांनाही आठवेना. ती माहिती जमविण्यात अकरा दिवस गेले आणि तोपर्यंत पेशी काढण्याची तारीख पुढे ढकलावी लागली.

तेव्हापासून आमच्या औषधालयातून मज्जासंस्थेच्या कोणत्याही रुग्णास औषध जाते ते एका छापील चिठ्ठीसह. तीत कल्पाचे नाव, सर्व घटक, उत्पादक, गटक्रमांक, मात्रा, आरंभाची तारीख एवढेच असते, आणि ती मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत असते. तिचा नमुना ज्यांना हवा असेल त्यांनी आमच्याकडून अवश्य मागवून घ्यावा.